नाताळच्या सुट्टीतलं सोसायटीचं पॉटलक: तारखेपासून भांडी परत जाईपर्यंत

“प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी करून आणा.” एवढ्या एका निरोपावर जमवलेलं जेवण, म्हणजेच पॉटलक, मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांनी पाहिलेलं आहे. टेबलावर चार पुलाव येतात, तिघांकडून गुलाबजाम येतात, पोळी कोणीच आणलेली नसते. माणसं प्रेमाने करून आणतात, म्हणून जेवण तरीही छान होतं. खरी अडचण त्यानंतर येते. सगळे हात धुऊन घरी जातात आणि ज्या तीन-चार जणींनी सकाळपासून स्वयंपाक केलेला असतो, त्याच टेबलं पुसत आणि टोप आवरत मागे राहतात. पुढच्या वर्षी “करायचं का?” असं विचारलं की सगळ्यात आधी त्याच गप्प बसतात.

पॉटलकची तयारी पदार्थांच्या यादीपासून करू नका. आधी कामं वाटा, मग पदार्थ वाटा. खाली जे लिहिलं आहे ते दहा-पंधरा घरं आणि चाळीसेक माणसं धरून आहे. चाळीतल्या एका मजल्यासाठी किंवा एखाद्या घरी जमणाऱ्या मावस-चुलत गोतावळ्यासाठीही तेच चालेल, फक्त आकडे कमी करा.

कामांची यादी

जबाबदारी दोघांनी घ्यावी, त्याहून जास्त नको. एकाने माणसं मोजायची आणि पदार्थ ठरवायचे, दुसऱ्याने जागा आणि सामान बघायचं. या दोघांनी त्या दिवशी लोणचं, पापड, चटणी असं आदल्या दिवशी तयार राहणारं काहीतरी आणावं. ज्याला सगळीकडे लक्ष द्यायचं आहे त्याने शेवटच्या क्षणी पुऱ्या तळायला घेऊ नयेत.

मग कागद घेऊन कामं लिहा: कमिटीची परवानगी, टेबल-खुर्च्या, पिण्याचं पाणी, गरम करायची सोय, टेबलावरची मांडणी, वाढायला उभं राहणं, लहान मुलांना आधी जेवू घालणं, वयस्कर मंडळींना खाली आणणं आणि जागेवर ताट देणं, ओला-सुका कचरा, भांडी परत करणं, हिशेब. प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव हवं. “सगळे मिळून करू” असं लिहिलं की ते काम शेवटी स्वयंपाक करणाऱ्यांच्याच अंगावर पडतं.

एक नियम मी फार महत्त्वाचा मानते: ज्या घराने काम घेतलं त्या घराचा वाटा पूर्ण झाला. त्यांनी वर पदार्थ आणायची गरज नाही आणि त्यावरून कोणी काही बोलायचं नाही. प्रत्येक इमारतीत अशी घरं असतात. भाड्याने राहणारी चार मुलं, ज्यांच्याकडे एक शेगडी आणि एक कुकर आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी येणारी परिचारिका. दोन महिन्यांचं बाळ असलेली आई. एकट्या राहणाऱ्या आजी. यांना “काय आणणार?” असं विचारलं की ती ओशाळतात आणि बरेचदा यायचंच टाळतात. त्याऐवजी “पाण्याचे जार आणि ग्लास तुमच्याकडे देऊ का?” असं विचारून बघा. ती आनंदाने येतात.

दुसरा नियम आवराआवरीचा. आवरणाऱ्यांची नावं आधीच जाहीर करा आणि त्यात स्वयंपाक केलेलं एकही माणूस नको. घरातल्या बाईने उसळ केली असेल तर त्या घरातून आवरायला दादा किंवा काका येतील. कॉलेजातली मुलं तर हे काम फार भराभर करतात, फक्त त्यांना आधी सांगायला हवं.

तारीख ठरवताना पंचांग आणि लोकल दोन्ही बघा

साधारण तीन आठवडे आधी तारीख पक्की करा. डिसेंबरात मुंबईत उकाडा त्यातल्या त्यात कमी असतो आणि शाळांना सुट्टी असते, म्हणून नाताळचा आठवडा सोयीचा. पण त्यातही काही दिवस टाळावेत. 24च्या रात्री ख्रिस्ती शेजारी मिस्साला जातात आणि 25ला त्यांच्याकडे पाहुणे असतात. 31ला तरुण मंडळी हाताला लागत नाहीत. म्हणजे 26 ते 30 यांत बघायचं.

त्यानंतर मार्गशीर्ष. हा महिना बहुतेक वर्षी डिसेंबरात पसरलेला असतो, आणि अधिक मास येऊन गेलेला असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतही जातो. बऱ्याच मराठी घरांत मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत असतं आणि काही घरांत महिनाभर सामिष बंद असतं. गुरुवार, एकादशी, संकष्टी आणि दत्तजयंती टाळली की निम्मे प्रश्न सुटतात. महिना अजून संपलेला नसेल आणि निम्म्या घरांचं सामिष बंद असेल, तर सरळ पूर्ण शाकाहारी बेत करा.

बाहेरून नातेवाईक येणार असतील तर रविवार दुपार धोक्याची. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी दिवसा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद किंवा कमी) असतो, पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक. डोंबिवलीहून किंवा पनवेलहून हातात रश्श्याचा डबा घेऊन येणाऱ्या माणसाला त्या गर्दीत ढकलू नका. शनिवार बरा.

दुपार की रात्र? गच्चीवर रात्री मजा येते हे खरं, तरी मिश्र वस्तीच्या सोसायटीत मी दुपार सुचवेन. अनेक जैन कुटुंबं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि डिसेंबरअखेर मुंबईत सहा वाजून गेले की लगेच सूर्य मावळतो. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना वेळेवर जेवण लागतं. आवरायलाही उजेड मिळतो. साडेबाराला ताटं हातात पडतील आणि तीनला सगळं आवरलेलं असेल, असा हिशेब धरा. रात्रीच करायचं ठरलं तर जैन घरांसाठी साडेपाचची पंगत वेगळी मांडा आणि दहानंतर स्पीकर बंद ठेवा. तो नियम देशभर लागू आहे.

जागा

दुपारी गच्ची तापते, डिसेंबरातही. त्यामुळे सोसायटीचा हॉल किंवा गाड्या हलवून मोकळं केलेलं पार्किंग चांगलं. सेक्रेटरींना तोंडी सांगून भागवू नका, कमिटीला दोन ओळींचं पत्र द्या आणि वॉचमनला गाड्यांची वेळ कळवा. पालिकेचं पाणी ठराविक वेळीच येतं, म्हणून पंप लावणाऱ्या माणसालाही सांगून ठेवा. जेवणानंतर चाळीस जण एकदम हात धुतात तेव्हा नळ कोरडा नको.

गॅसचा सिलिंडर बंद पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर नेऊ नका. गरम करायला इंडक्शन शेगडी पुरते, पण सॉकेट तपासा. 2000 वॉटची शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढते, तेव्हा साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा स्वस्तातल्या एक्स्टेंशनवर ती लावू नये. 16 अँपिअरचा सॉकेट हवा, आणि एका सॉकेटवर एकच शेगडी. मंडपवाल्याकडून चेफिंग डिश भाड्याने मिळतात. त्यांच्याखालची ज्योत अन्न गरम *ठेवते*, गार अन्न गरम करत नाही. त्यामुळे खालच्या तबकात उकळतं पाणी आणि वरच्या भांड्यात कढत पदार्थच घालायचा.

कोण काय खात नाही हे आधी विचारा

पदार्थ ठरवण्याआधी प्रत्येक घराला हा प्रश्न विचारा, आणि शक्यतो ग्रुपवर न विचारता एकेकाला. आजार, पथ्य, उपास याबद्दल माणसं सगळ्यांसमोर बोलत नाहीत.

जैन जेवणात कांदा-लसूण नसतो हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण जमिनीखालची कंदमुळंही चालत नाहीत हे विसरलं जातं. बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं, सगळंच बाद. म्हणजे बटाट्याची भाजी आणि गाजराचा हलवा हे आपले हुकमी पदार्थ त्यांच्यासाठी नाहीत. हिवाळ्यात मटार स्वस्त असतो, फरसबी, दुधी, भोपळी मिरची आणि कच्ची केळी तर असतातच. शेजारच्या शाहकाकूंनाच विचारा, त्या जे करून आणतील ते सगळेच आवडीने खातील.

मुस्लिम शेजारी असतील तर मटण-चिकन हलाल दुकानातूनच आणायचं आधीच ठरवा. मग एकच पदार्थ सगळ्यांना चालतो आणि दोन टोप लागत नाहीत. नाताळच्या प्लम केकमधला सुका मेवा पुष्कळदा रममध्ये भिजवलेला असतो आणि केकमध्ये अंडं असतं. ते खात नसणाऱ्यांना, आणि मुलांच्या आयांना, ते आधी कळायला हवं.

ॲलर्जीचं मात्र कुणीच हलक्यात घेऊ नये. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट कुठे कुठे जातं याची मोजदाद नाही: कोशिंबीर, पालेभाजी, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, चटण्या. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल असेल तर तेवढ्या एका दिवशी सर्वांनीच दाण्याचं कूट वर्ज्य करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या खोबऱ्याने भागतं. कोळंबी, सोडे, जवळा यांचीही काहींना तीव्र ॲलर्जी असते, तेव्हा त्यांचा डाव दुसऱ्या भांड्यात जाता कामा नये. गहू न चालणाऱ्यांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: बाजारातल्या बांधानी हिंगात बरेचदा मैदा असतो. त्यांच्या वरणाला फोडणी देताना डबीवरचे घटक वाचा किंवा हिंग वगळा.

पदार्थ कसे वाटायचे

पदार्थाचं नाव ठरवून देऊ नका, गट द्या. “तुम्ही सुकी भाजी आणा, कांदा-लसणाविना, चाळीस जणांना थोडी-थोडी पुरेल एवढी” असं सांगितलं की करणाऱ्याला आपलं कौशल्य दाखवायला जागा राहते आणि ताटही पूर्ण होतं. बारा घरं स्वयंपाक करणार असतील तर वाटणी अशी करता येईल:

- पोळी, पुरी, पाव: 2 घरं. एक घर पुऱ्या करेल, दुसरं बेकरीतून ताजे पाव आणेल.
- भात: 2 घरं. एकाकडे मसालेभात, दुसऱ्याकडे साधा किंवा जिऱ्याचा भात. घरच्या शेगडीवर एका वेळी सव्वा किलोहून जास्त तांदूळ नीट शिजवणं अवघड जातं, म्हणून दोन घरं.
- उसळ किंवा रस्सा: 1 घर.
- सुकी भाजी: 1 घर, जैन पद्धतीची.
- सामिष: 2 घरं.
- कोशिंबीर: 1 घर. चटणी-लोणचं-पापड आयोजकांकडे आहेच.
- गोड: 2 घरं. एक दुधाचं किंवा हलवा, एक सुकं.
- ताक किंवा सोलकढी: 1 घर.

गटात कोण काय करणार हे ज्याच्या-त्याच्या हातावर सोडा. मुंबईतल्या इमारतीची श्रीमंती इथेच दिसते. एखाद्या मजल्यावरच्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) आजी वालाचं बिरडं करतात, मालवणी घर कोंबडीच्या रश्श्याला वाटण घालतं, वसईकडचं ईस्ट इंडियन (इथलं मूळचं ख्रिस्ती) कुटुंब नाताळचे कुलकुल आणि फुगे (तळलेले गोल पाव) आणतं, गुजराती घरातून हिवाळ्याचा उंधियू येतो. ही माणसं एरवी लिफ्टमध्ये मान हलवून निघून जातात. त्यांनी रेस्टॉरंटमधलं पनीर मागवून आणण्यापेक्षा आपल्या आजीच्या हातचं काही करावं, अशी मनापासून विनंती करा. ही विनंती बहुतेक वेळा मान्य होते.

किती करायचं

इथे दोन टोकं होतात. एकतर प्रत्येक घर आपल्या पदार्थाने चाळीस जणांचं पोट भरेल एवढं करतं आणि निम्मं उरतं, नाहीतर चार माणसांच्या वाटीत आणतं. ताटात दहा पदार्थ असताना माणूस प्रत्येकाचा एक-दीड डावच घेतो. त्या अंदाजाने, इतर सगळं असताना, चाळीस जणांना हे पुरतं:

- तांदूळ: दोन-अडीच किलो (दोन घरांत मिळून).
- पुऱ्या: 110-120. एका किलो कणकेत मध्यम आकाराच्या साठेक पुऱ्या होतात, म्हणजे दोन किलो. पोळ्या करायच्या तर एका किलोत पस्तीस-चाळीस धरा.
- पाव: 60 ते 80, बाकी पुऱ्या असतील तर.
- उसळीसाठी कोरडं कडधान्य: दीड-दोन किलो. मोड आल्यावर ते दुपटीहून जास्त होतं.
- सुकी भाजी: साफ केलेली अडीच ते तीन किलो.
- चिकन: खाणारे वीस असतील तर तीन किलो.
- काकडी: तीन किलो.
- श्रीखंड किंवा हलवा: दोन-अडीच किलो, दुसरं गोड असेल तर.
- ताक: दोन लिटर दह्याचं आठेक लिटर होतं, म्हणजे चाळीस छोटे ग्लास.
- पिण्याचं पाणी: 20 लिटरचे दोन जार, तिसरा जवळ ठेवलेला.

लहान मुलं तिखट खात नाहीत. त्यांच्यासाठी वरणभात-तूप आणि दोन डझन केळी असली की बास.

खर्चाचं एकदाच स्पष्ट बोला. पदार्थाचा खर्च ज्याचा त्याने करायचा, पाणी, भाड्याच्या वस्तू आणि सफाईच्या मावशींची बिदागी यासाठी प्रत्येक घराकडून सारखी आणि छोटी वर्गणी. कोळंबी आणणाऱ्याने कोबी आणणाऱ्याकडे बघायचं नाही.

निरोप

दहा दिवस आधी ग्रुपवर एकच नीट निरोप टाका. नमुना असा:

“नमस्कार मंडळी. शनिवारी दुपारी साडेबाराला पार्किंगमध्ये आपलं एकत्र जेवण आहे. खाली यादीत आपल्या घरापुढे पदार्थाचा गट किंवा काम लिहिलं आहे. बदल हवा असेल तर बुधवारपर्यंत मला फोन करा. पदार्थ सव्वाबारापर्यंत, गरम आणि झाकणाच्या भांड्यात आणा. सोबत त्याचा डाव किंवा चमचा आणा. आपापलं ताट, दोन वाट्या आणि पेला घरून आणायचा आहे. पदार्थात दाणे, काजू, दूध, अंडं, मासे, कांदा-लसूण यांतलं काय आहे ते मला कळवा, मी चिठ्ठ्या करते. पाहुणे येणार असतील तर संख्या आजच सांगा.”

आपापलं ताट घरून आणायची कल्पना जुनी आणि अगदी कामाची आहे. घासायचा ढीग होत नाही, कचरा होत नाही. प्लास्टिकची एकदा वापरायची ताटं, पेले, चमचे 1 जुलै 2022पासून देशभर बंद आहेत, महाराष्ट्रात त्याआधी 2018पासूनच बंदी होती. पाहुण्यांसाठी सुपारीच्या किंवा पळसाच्या पानाच्या दहा-बारा पत्रावळी ठेवा. हौस असेल तर पहाटे दादरच्या फुलबाजारातून केळीची पानं आणता येतात.

तीन दिवस आधी प्रत्येक घराला फोन करा, मेसेज नको. फोनवर “आमचं जरा कठीण दिसतंय” हे सूर कळतात आणि बदली माणूस शोधायला वेळ मिळतो.

वाटेत आणि टेबलावर टिकणारे पदार्थ

कोशिंबिरीत मीठ आणि दही टेबलावरच घाला, आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं. फोडणी वेगळ्या वाटीत आणा. पुऱ्या तळल्यावर लगेच डब्यात बंद केल्या तर घाम सुटून मऊ पडतात, त्या रुंद परातीत कागदावर निववून मग पातळ कापडाने झाका. कोथिंबीर वडी, अळूवडी, कटलेट यांचंही तसंच. बटाटेवडे आणि भजी पॉटलकला आणू नयेत, ती कढईतून ताटात यायला हवीत.

लोकलने येणाऱ्याने पातळ काही आणू नये. त्यांना सुकं द्या: लाडू, करंज्या, सुकी चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या. रस्सा आणावाच लागला तर रबर असलेला घट्ट झाकणाचा डबा, काठोकाठ न भरलेला, आणि तो पिशवीत उभा राहील असा.

गरम पदार्थांसाठी कॅसरोल उत्तम. भरण्याआधी त्यात पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवा आणि ओतून द्या, गारठ्याने जाणारी ऊब वाचते. भांड्याच्या तळाला, झाकणाला आणि डावालाही कागदी चिकटपट्टीवर फ्लॅट नंबर लिहा. नाव कोरलेली स्टीलची भांडी असतील तर हा खटाटोपच नको.

अन्न बिघडू नये म्हणून

शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 60 अंश सेल्सिअसच्या वर किंवा 5च्या खाली जंतू वाढत नाहीत किंवा फारच हळू वाढतात. मधल्या तापमानात ते झपाट्याने वाढतात. मुंबईच्या दमट दुपारी हा नियम काटेकोर पाळा. सव्वाबाराला आलेली भांडी सव्वादोनला झाकून आत गेली पाहिजेत.

भाताचा धोका लोकांना माहीत नसतो. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही जगतात आणि भात कोमट राहिला तर विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून मसालेभात त्याच दिवशी सकाळी करा, आदल्या रात्री नाही. चिकन-मटण आदल्या रात्री करायला हरकत नाही, मुरल्याने चवही वाढते. पण मोठ्या टोपात तसंच ठेवू नका, रुंद भांड्यांत काढून लवकर निववा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मधोमध खळाखळा उकळेपर्यंत गरम करा.

श्रीखंड, दहीवडे, क्रीमचे पदार्थ निम्मेच बाहेर काढायचे. तळमजल्यावरच्या किंवा पहिल्या मजल्यावरच्या एका घराचा फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून घ्या. तेही एक काम आहे आणि यादीत त्यांचं नाव हवं.

मांडणी आणि पंगत

टेबल भिंतीला लावू नका, मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी रांग चालते आणि चाळीस माणसं पंधरा-वीस मिनिटांत ताट वाढून घेतात. क्रम: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग सुकी भाजी, पुऱ्या-पाव, उसळ, शेवटी भात. सामिषाचं टेबल वेगळं आणि थोडं लांब, जैन पदार्थांचं पहिल्या टोकाला स्वतंत्र. गोड आणि ताक तिसऱ्याच कोपऱ्यात ठेवा, तिथे दुसरी गर्दी जमते आणि मुख्य टेबल मोकळं होतं.

प्रत्येक पदार्थापुढे देवनागरीत ठळक चिठ्ठी: नाव, कुणी केलं, आणि दाणे, दूध, अंडं, मासे यांपैकी जे असेल ते. करणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका. जेवणारे त्या नावाने शोधत जातात, “काकू, हे तुम्ही केलंत?” असं विचारतात, आणि अनेक ओळखी तिथून सुरू होतात.

कमी असलेला पदार्थ, तळलेली सुरमई, कोळंबी, पहिल्या पंधरा ताटांत संपतो. तिथे एका माणसाला वाढायला उभं करा. वाढणारा दर अर्ध्या तासाने बदलायचा.

सव्वाबाराला मुलं आणि आजी-आजोबा. आजी-आजोबांना रांगेत उभं करायचं नाही, ताट जागेवर न्यायचं. त्याच वेळी वॉचमनदादा आणि झाडू मारणाऱ्या मावशींची ताटं वाढून झालेली असली पाहिजेत, तेच पदार्थ, गोडासकट. त्यांना जेवण संपल्यावर उरलेलं देणं मला अजिबात पटत नाही. ते रोज आपली इमारत राखतात. शक्य असेल तर खुर्ची देऊन सोबत बसवा, दाराशी राहणं गरजेचं असेल तर आधी जेवू द्या.

आवरणं

सव्वादोनला उरलेलं अन्न एका टेबलावर आणा. गरम राखलेलं किंवा फ्रिजमधलं, आणि कुणी उष्ट्या चमच्याने न ढवळलेलं, एवढंच घरी न्यायला द्या. रिकामे डबे आणायला निरोपातच सांगितलेलं असेल तर ही वाटणी पाच मिनिटांत होते. दोन तास उघड्यावर राहिलेलं दह्याचं आणि भाताचं मन घट्ट करून टाकून द्या. बाहेर कुणाला अन्न द्यायचं असेल तर त्या संस्थेला दोन-तीन दिवस आधी फोन करून ते घरगुती अन्न घेतात का, किती वाजेपर्यंत घेतात, हे विचारून ठेवा, आणि न उघडलेलं भांडंच द्या.

दोन डबे मांडा, ओला आणि सुका, आणि पहिला अर्धा तास तिथे एक मोठं मूल उभं करा. सवय लागते. पत्रावळी ओल्या कचऱ्यात जातात, सोसायटीचं खत होत असेल तर फाडून.

टोप आणि कॅसरोल तिथे घासू नका, खरकटं काढून ज्याच्या त्याच्या घरी जाऊ द्या. ज्यांचा धनी सापडत नाही अशी झाकणं आणि डाव नेहमीच चार-पाच उरतात. त्यांचा फोटो संध्याकाळीच ग्रुपवर टाका आणि वस्तू वॉचमनच्या केबिनमध्ये एका पिशवीत ठेवा. वर्गणीचा हिशेबही दुसऱ्या दिवशी तिथेच जाहीर करा: जमा, खर्च, शिल्लक, बिलांच्या फोटोंसकट. त्याच्याखाली कामांची आणि पदार्थांची यादी जशीच्या तशी जपून ठेवा, किती उरलं आणि काय कमी पडलं ते प्रत्येक ओळीपुढे लिहून. पुढच्या वेळी दुसरे दोघे जबाबदारी घेतील तेव्हा त्यांना ती लागेल.